जिथे सूर्य सातला मावळतो

मे महिना उजाडला की पेठेतल्या घरांमधून परदेशवारीच्या गोष्टी निघू लागतात. कोणी दुबईला जातो, कोणी बँकॉकला, कोणी युरोपच्या सहलीत नाव नोंदवतो. तिकिटे, व्हिसा, हॉटेल यांची चौकशी सर्वप्रथम होते. सूर्य किती वाजता मावळतो, याची चौकशी मात्र फारसे कोणी करत नाही. जैन कुटुंबाला, त्यातही लहान मुले व ज्येष्ठ मंडळी बरोबर असताना, खरे तर हाच प्रश्न आधी विचारायला हवा.

बार्शीच्या भुसार पेठेत तीन पिढ्या आडत चालवणाऱ्या एका कुटुंबात गेल्या उन्हाळ्यात हा प्रश्न दादींनी विचारला. त्यांचा तीस वर्षांचा अखंड चौविहार. एवढ्या वर्षांत त्यांनी विमानप्रवास टाळला तो भीतीने नव्हे, नियमासाठी. मुलगा व सून यांचा आग्रह होता की, सहा वर्षांची नात आणि तीन वर्षांचा नातू यांना आजी-आजोबांबरोबर एखादे परदेशी शहर दाखवावे. लंडनचे नाव निघाले. जूनमध्ये तेथे सूर्य रात्री नऊनंतर मावळतो आणि डिसेंबरात दुपारी चारच्या आधीच, हे कळल्यावर दादी नुसत्या हसल्या. शेवटी सिंगापूर ठरले. हे शहर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १३७ किलोमीटरवर आहे. त्यामुळे वर्षभर दिवस आणि रात्र जवळपास समान असतात. सूर्यास्त पावणेसात ते सात-वीस यांच्या दरम्यान होतो, सूर्योदयही सातच्या आसपास. बार्शीत मे महिन्यात सूर्य मावळतो तोही सातच्या सुमारास. हिशोब जुळला आणि दादींनी होकार दिला.

या हिशोबात एक बारीक चूक राहून गेली होती. ती पुढे चौथ्या दिवशी उघड झाली.

मुंबईहून सिंगापूरचा विमानप्रवास साधारण साडेपाच तासांचा. दादाजींनी उतरण्याची तयारी व्यापाऱ्याच्या शिस्तीने केली होती. हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेले सर्व्हिस अपार्टमेंट, तेही लिटिल इंडियाजवळ. सुटकेसमध्ये खाखरे, मूगडाळ, तांदूळ, मेतकूट आणि एक लहान कुकर. सेरंगून रस्त्यालगतच्या टेक्का बाजारात भेंडी, तोंडली, दोडका, कच्ची केळी असे सगळे मिळते. कंदमुळाशिवाय स्वयंपाक करणाऱ्या घराला ते पुरेसे आहे. याच भागातील शाकाहारी उपाहारगृहांत कांदा-लसूण वगळून पदार्थ मागता येतात, पण डोशाच्या भाजीत बटाटा आणि सांबारात कांदा असतोच, हे गृहीत धरून आधी विचारावे. सुनेने पहिल्याच दिवशी ठरवले की, सकाळचे व संध्याकाळचे जेवण घरी आणि दुपारचा डबा बरोबर. लहान मुलांच्या प्रवासात एवढ्या एका निर्णयाने निम्मी चिडचिड कमी होते.

हे शहर मुलांना घेऊन फिरण्यास सोयीचे आहे. मेट्रोच्या स्थानकांवर उद्वाहक असल्याने बाबागाडी उचलून जिने चढावे लागत नाहीत. ०.९ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलास भाडे पडत नाही. त्याहून उंच, पण सात वर्षांखालील मुलांसाठी सवलतीचे कार्ड काढता येते. नळाचे पाणी थेट पिण्याजोगे असते. तरीही दादींनी गरणे बांधून पाणी गाळले आणि उकळून थंड केले. त्या निमित्ताने नातीला एक गोष्ट कळली. नद्या लहान आणि जमीन अपुरी असलेले हे बेट पाण्यासाठी शेजारच्या मलेशियावर अवलंबून होते. म्हणून येथे पावसाचा थेंबन् थेंब जलाशयांत साठवतात आणि २००३ पासून वापरलेले पाणीही शुद्ध करून पुन्हा उपयोगात आणतात. पाणी जपून वापरण्याची आपल्या घरची सवय या देशाने राज्यकारभारात आणली आहे, असे दादाजींनी तिला समजावले.

दुसऱ्या दिवशी कुटुंब वनस्पती उद्यानात गेले. १८५९ साली स्थापन झालेले हे उद्यान २०१५ मध्ये जागतिक वारसास्थळ ठरले. प्रवेशाला शुल्क नाही. उद्यानाच्या उत्तर टोकाला खास मुलांसाठी राखलेली जेकब बॅलास बाग आहे. तेथील नियम मोठा गमतीचा आहे. मोठ्या माणसाला आत जायचे असेल तर बरोबर लहान मूल असावे लागते. ‘म्हणजे आज आम्ही तुझ्या ओळखीवर आत आलो,’ असे दादाजी म्हणाले, तेव्हा नातीची मान अभिमानाने ताठ झाली.

मुख्य उद्यानातील हिरवळीवर एक जुना तेंबुसू वृक्ष आहे. त्याची एक आडवी फांदी जमिनीला समांतर लांबवर गेली आहे. हाच वृक्ष सिंगापूरच्या पाच डॉलरच्या नोटेवर छापलेला आहे. दादाजींनी खिशातून नोट काढून मुलांच्या हाती दिली आणि ‘शोधा’ म्हणाले. पेढीवर वाढलेल्या मुलांना नोट ओळखीची, पण नोटेवरचे झाड समोर उभे असल्याचे नवल काही औरच होते. नात नोट उंच धरून फांदीशी फांदी जुळवत राहिली.

याच उद्यानाने मलायाच्या व्यापाराचे रूप पालटले. १८७७ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानातून रबराची रोपे येथे आली. १८८८ मध्ये संचालक म्हणून आलेल्या हेन्री रिडली यांनी खोडाला तिरक्या खाचा देऊन, झाड न मारता वर्षानुवर्षे चीक काढण्याची पद्धत विकसित केली. त्या पद्धतीवर मळे उभे राहिले आणि सिंगापूर रबराची मोठी बाजारपेठ बनले. मूळ राखून फळ घेण्याचा हा धडा दादाजींना फार भावला. मुद्दल खाऊन केलेला धंदा टिकत नाही, हे त्यांच्या वडिलांचे वाक्य त्यांनी त्या झाडाखाली मुलाला पुन्हा एकदा ऐकवले.

तिसऱ्या दिवसाचा प्रश्न अवघड होता. नातवाला प्राणिसंग्रहालय पाहायचे होते. मंडाई येथील संग्रहालय १९७३ पासून चालू आहे. पिंजऱ्यांऐवजी खंदक व झाडी यांच्या आधारे प्राणी ठेवण्याबद्दल ते जगभर नावाजले जाते. मुलगा म्हणाला, ‘येथे प्राण्यांना मोकळे ठेवतात, आपल्याला दोष वाटण्याचे कारण नाही.’ दादींनी वाद घातला नाही. त्यांनी नातीला जवळ घेऊन एवढेच विचारले, ‘त्याला उद्या घरी जावेसे वाटले तर कोण नेईल?’ नात विचारात पडली. मग तिनेच भावाला सांगितले की, आपण घरी जाणारे प्राणी बघू. अनेक जैन कुटुंबे तेथे जातात आणि मुलांना प्राण्यांविषयी माया वाटावी हाच त्यांचाही हेतू असतो. या घराने मात्र दुसरा मार्ग घेतला.

तो मार्ग नदीकाठाने जात होता. १८१९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या स्टॅमफर्ड रॅफल्सने येथे ठाणे वसवले आणि बंदर करमुक्त ठेवले. सिंगापूर नदीच्या काठी वखारी उभ्या राहिल्या, पडावांतून तांदूळ, मिरी, रबर उतरू लागले. बोट की भागातील त्या बुटक्या दुकानांची रांग आजही उभी आहे. मलय भाषेत वखारीला ‘गुदांग’ म्हणतात, हे ऐकून दादाजी खूश झाले. बार्शीचे ‘गोदाम’ त्यांना येथे सख्ख्या भावासारखे भेटले. दीडशे वर्षांच्या व्यापाराने ही नदी मात्र गटारासारखी झाली होती. १९७७ ते १९८७ या दहा वर्षांत शासनाने ती स्वच्छ केली. पडाव हलवले, घाण सोडणारे उद्योग उठवले, गाळ उपसला. पुढे पाण्यात मासे परतले आणि माशांमागून पाणमांजरे आली. आज कळांग नदी व मरीना परिसरात त्यांची कुटुंबे मोकळेपणी हिंडताना दिसतात. त्या सकाळी काठावर पाच पाणमांजरे ओळीने वर आली, अंग झटकले आणि पुन्हा पाण्यात शिरली. नातवाने टाळ्या पिटल्या. ‘ती घरी गेली,’ नातीने त्याला सांगितले.

त्याच दुपारी चायनाटाउनमध्ये आणखी एक प्रसंग घडला. चिनी बौद्ध परंपरेच्या शाकाहारात कांदा व लसूण वर्ज्य असतात, हे ऐकून सुनेला हायसे वाटले होते. उपाहारगृहात गेल्यावर दोन गोष्टी ध्यानात आल्या. एक म्हणजे तेथे मशरूम, गाजर, मुळा सर्रास वापरतात. दुसरे म्हणजे सोयाबीन व गव्हाच्या सत्त्वापासून मांसासारखे दिसणारे पदार्थ बनवतात. शेजारच्या मेजावर पक्ष्याच्या आकाराचा एक पदार्थ आला तशी नात दचकली. ‘तो खरा नाही,’ तिच्या आईने सांगितले. तेव्हा दादींनी मुलांना यशोधर राजाची कथा सांगितली. खरा जीव नको म्हणून राजाने पिठाचा कोंबडा करून बळी दिला, पण मनात मारण्याची भावना होती म्हणून त्याला व त्याच्या आईला अनेक जन्म भोगावे लागले. सोमदेवसूरींनी ९५९ साली ही कथा ‘यशस्तिलक’ या ग्रंथात विस्ताराने मांडली आहे. परक्या देशातल्या एका मेजाशेजारी ती मुलांना जेवढी कळली, तेवढी घरी बसून कळली नसती. मंडळींनी तेथे फळे घेतली आणि शेजाऱ्यांच्या जेवणाविषयी एकही उणा शब्द न काढता ती बाहेर पडली.

निघण्यापूर्वी दादींनी नातीला एक छोटा नियम दिला होता. प्रवासाचे सात दिवस रात्री खायचे नाही. नातीने हात जोडून पच्चक्खाण घेतले होते. पहिले तीन दिवस ते पाळलेही. मात्र सहा वाजता पानावर बसताना ती रोज ‘भूक नाही’ म्हणे, चार घास खाई आणि साडेआठला डोळे मिटेपर्यंत पोट धरून बसे. मोठ्यांना वाटले, परक्या हवेचा परिणाम असेल.

चौथ्या दिवशी मंडळी मरीना खाडीकाठच्या ‘गार्डन्स बाय द बे’ या बागेत गेली. २०१२ मध्ये खुल्या झालेल्या या बागेत २५ ते ५० मीटर उंचीचे अठरा पोलादी महावृक्ष आहेत, अंगाखांद्यावर खऱ्या वेली वागवणारे. मुलांसाठी पाण्याचे फवारे असलेले वेगळे अंगण आहे. मुले भिजली, हसली, दमली. सव्वापाचला आकाश काळवंडले. विषुववृत्तावरचा पाऊस पूर्वसूचना फार देत नाही. विजा चमकू लागल्या आणि सारे एका छपराखाली अडकले. नातू बाबागाडीत झोपला. सुनेने नातीपुढे खाखरा धरला, तर ‘भूक नाही’ हेच उत्तर. घरी खिचडीची तयारी होती, वेळेत पोहोचू, असे सर्वांनी धरले.

पाऊस थांबायला पावणेसात वाजले. ओल्या वाटेने बाबागाडी ढकलत स्थानक गाठेपर्यंत सात. गाडीत बसताच नातू जागा झाला आणि भुकेने रडू लागला. दादींनी पिशवीत हात घालून खाखऱ्याचा डबा बाहेर काढला. मुलाने दाराजवळच्या पाटीकडे बोट दाखवले. मेट्रोत व स्थानकात खाण्यापिण्यास मनाई आहे, दंड पाचशे डॉलरपर्यंत. दादींनी क्षणभर रडणाऱ्या नातवाकडे पाहिले आणि डबा पुन्हा मिटला. ‘ज्याच्या घरी आलो त्याचा नियम आधी,’ त्या म्हणाल्या. लिटिल इंडिया स्थानकाबाहेर आल्यावर नातवाला खाखरा मिळाला. तोवर सात-वीस झाले होते. सूर्य मावळला होता. नातीने डब्याकडे पाहिले आणि मान फिरवली.

रात्री साडेनऊला ती उठून बसली. पोटात दुखत होते. रडू आवरत नव्हते, तरी ती म्हणत होती, ‘मला नको, माझा नियम आहे.’ आई व्याकूळ, वडील अस्वस्थ. सर्वांच्या नजरा दादींकडे लागल्या. तीस वर्षे स्वतःसाठी एकही सवलत न घेतलेल्या त्या बाईंनी उठून दूध गरम केले आणि पेला नातीसमोर ठेवला.

‘पच्चक्खाणात आगार असतात, बाळ,’ त्या म्हणाल्या. ‘शरीराला पीडा झाली, मनाची समाधी मोडू लागली, तर काय करायचे याचा विचार आचार्यांनी आधीच करून ठेवला आहे. नियम तुला छळण्यासाठी दिला नव्हता.’

नातीने दूध प्यायले आणि ती आजीच्या मांडीवर झोपली. दादी बराच वेळ जाग्या होत्या. समोरच्या भिंतीवरचे घड्याळ रात्रीचे दहा दाखवत होते. त्यांच्या मनगटावरचे घड्याळ मात्र त्यांनी बदललेलेच नव्हते. त्यात साडेसात वाजले होते. तेव्हा कुठे चुकीचा उलगडा झाला.

सिंगापूरचे घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे आहे. तेथे सूर्य सातला मावळतो तेव्हा बार्शीत साडेचार वाजलेले असतात. मोठ्यांनी घड्याळाचा आकडा जुळवला, पण मुलीचे पोट अजून बार्शीच्या वेळेवर होते. संध्याकाळचे सहा म्हणजे तिच्यासाठी दुपारचे साडेतीन. त्या वेळी भूक कशी लागणार? आणि तिच्या भुकेची वेळ होई तेव्हा बाहेर काळोख. सकाळीही तेच. सूर्योदयानंतर दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे सोडून नवकारसी पाळायची तर न्याहरी पावणेआठच्या सुमारास. भारतात तेव्हा पहाटेचे सव्वापाच. मुले झोपेतून उठत साडेनऊला, दुपारचे जेवण लांबे दोनपर्यंत आणि मग सहाला भूक नसे. सारी साखळी एकात एक अडकलेली होती.

पाचव्या दिवशी सकाळी नात उठली ती ओशाळलेली. हात जोडून हळूच म्हणाली, ‘मिच्छामि दुक्कडं.’ दादींनी तिचे हात आपल्या हातांत घेतले. ‘तुझ्याआधी माझे,’ त्या म्हणाल्या. ‘मिच्छामि दुक्कडं. नियम तू घेतलास, पण वेळ सांभाळण्याचे काम आमचे होते. हिशोब आमचा चुकला.’ दाराशी उभ्या असलेल्या दादाजींनीही मान डोलावली. दुकानात उधारी चुकली तर ती मुनिमाच्या नावे टाकण्याची पद्धत त्या घरात कधीच नव्हती.

त्या दिवसापासून क्रम बदलला. मुलांना सात वाजता उठवायचे, पडदे उघडून उजेडात न्यायचे. न्याहरी आठला, मुख्य जेवण साडेअकराला, त्यानंतर तासभर झोप. दुपारच्या पावसाच्या वेळेत घरातच राहायचे. पाचला घराबाहेर असाल तर संध्याकाळचा डबा बरोबर हवाच, ‘घरी जाऊन जेवू’ हा भरवसा नको. दोन दिवसांत मुलांची भूक ठिकाणावर आली. लहान मुलांना घेऊन पूर्वेकडे जाणाऱ्या कोणत्याही कुटुंबाने हा क्रम पहिल्या सकाळपासून धरावा. घरी असतानाच तीन-चार दिवस आधीपासून जेवणाची व झोपेची वेळ रोज अर्धा तास अलीकडे आणली, तर आणखी उत्तम.

सहाव्या दिवशी मंडळी जालान यासिन या रस्त्यावरील जैन समाजाच्या वास्तूत दर्शनास गेली. शहरात जैनांची संख्या थोडी, म्हणून श्वेतांबर, दिगंबर, स्थानकवासी असे सारे एकाच छताखाली येतात. बार्शीत तीन गल्ल्यांत वाटलेला समाज येथे एका दालनात बसलेला पाहून दादींचे डोळे भरून आले. नवकार मंत्र सुरू होताच नातवानेही हात जोडले. इतक्या दूर आपला मंत्र सर्वांना येतो, याचेच त्याला आश्चर्य वाटत होते.

शेवटची संध्याकाळ मरीना बॅरेजवर गेली. समुद्र व गोडे पाणी यांच्यामध्ये २००८ साली बांधलेल्या या धरणाच्या छतावर विस्तीर्ण हिरवळ आहे. स्थानिक कुटुंबे तेथे पतंग उडवायला येतात. साडेपाचला डबा उघडला. थेपले, कच्च्या केळ्याची भाजी आणि दही. नातीने तीन थेपले खाल्ले आणि चौथा मागितला. पाणी पिऊन सर्वांनी हात जोडले तेव्हा सूर्य अजून दोन हात वर होता. दूर समुद्रात मालवाहू जहाजांची रांग लागली होती. दादाजी त्यांवरच्या पेट्या मोजण्याचा प्रयत्न करत होते. सात वाजून सात मिनिटांनी सूर्य उतरला आणि काही वेळातच विषुववृत्तावरचा तो घाईचा अंधार पसरला.

पावणेआठला समोरच्या बागेतले महावृक्ष रंगीत दिव्यांनी उजळले. नातीने आजीकडे वळून विचारले, ‘दादी, रात्री बघायला चालते ना?’

उत्तर दादाजींनी दिले, ‘डोळ्यांना चौविहार नसतो, बेटा. पोटभर बघ.’

दादींनी मनगटावरचे घड्याळ सोडले, अडीच तास पुढे केले आणि पुन्हा बांधले. दुसऱ्या दिवशी परतीचे विमान होते, हे सुनेने आठवण करून दिले. ‘असू दे,’ त्या म्हणाल्या, ‘आजची रात्र तरी या घरच्या वेळेने काढू.’